निंबा आबांचे कारागीर

माझ्या डाव्या पायाचं प्लास्टर मी तेविसाव्या दिवशी, घरच्या विळीने, स्वतःच्या हाताने कापून काढलं.

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, मी धुळ्याच्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत होतो. हाड कशाचं बनतं हे मी दरवर्षी तीन वर्गांना आकृतीसह, पाच मार्कांसाठी सांगत असे. पाय मोडला तोही सांगतानाच. 'मानवी अस्थिसंस्था' असा भला मोठा तक्ता खिळ्याला अडकवण्यासाठी मी टेबलावर स्टूल आणि स्टुलावर मी अशी रचना केली होती. तक्ता अडकला. मी खाली आलो. नडगीतून 'काड' असा आवाज झाला तो शेवटच्या बाकापर्यंत पोचला, आणि त्या शांततेत पहिल्या बाकावरच्या मुलीने वही उघडून विचारलं, "सर, टिबिया का फिब्युला?"

असं विचारायला मीच शिकवलं होतं, त्यामुळे रागावताही येईना.

मला खुर्चीसकट उचलून रिक्षात घातलं आणि साक्रीच्या रस्त्याला एक हाडांचा दवाखाना होता तिथे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, भूल दिली, पाय ओढून हाड जागेवर बसवलं. मला जाग आली तेव्हा एक पांढराफटक म्हातारा माझ्या पायाला भाकरी थापावी तसा दोन्ही तळहातांनी थापत होता. हात कोपरापर्यंत पांढरे, भुवया पांढऱ्या, कानाच्या पाळ्यासुद्धा पांढऱ्या. भुलीच्या अंमलात मला तो पुतळाच वाटला, आणि पुतळा मला थापतोय याचं फारसं नवलही वाटलं नाही.

"अंगठा हलवा," पुतळा म्हणाला.

मी हाताचा अंगठा हलवला.

"पायना," पुतळा म्हणाला. "शिकेल दिसतस तुम्ही."

ते निंबा आबा. दवाखान्यात डॉक्टर हाड बसवत आणि आबा ते बसलेलं ठेवत. मूळचे साक्रीकडच्या एका खेड्यातले, बोलणं अहिराणी. सरकारी दवाखान्यात वॉर्डात झाडू मारायला लागले, प्लास्टरच्या खोलीबाहेर उभे राहून बघत राहिले, आणि एके दिवशी प्लास्टरवाला आला नाही म्हणून आत गेले ते पस्तीस वर्षं बाहेर आलेच नाहीत. तिथून निवृत्त झाले त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना आपल्याकडे आणलं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं म्हणजे दुसरं काही नकोही होतं.

त्यांच्या कामाला काही कायदे होते. पट्टी पाण्यात बुडवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मग पिळायची नाही, दोन्ही टोकांनी हलकी दाबायची. ओल्या प्लास्टरला बोट लावायचं नाही, तळहात लावायचा. "बोट लागनं का खड्डा. खड्डा बाहेर दिसत नही, आत टोचस." प्लास्टर पूर्ण वाळेपर्यंत पाय उशीवर, कठीण फळीवर टाच टेकलेली त्यांना दिसली तर ते पेशंटच्या नातेवाइकाला, मग तो फौजदार का असेना, खोलीबाहेर काढत. शेवटी कानामागची जांभळी कॉपिंग पेन्सिल काढून, जिभेवर ओली करून, प्लास्टरवर तारीख लिहीत. अक्षर मोत्यासारखं. जीभ कायम जांभळी.

आणि अंगठा. पायाचा अंगठा दाबायचा, नख पांढरं पडतं, सोडायचं, रक्त परत येतं ते बघायचं. ही सवय त्यांना इतकी लागली होती की, दवाखान्यात औषधांच्या कंपनीचा टायवाला माणूस वाट बघत बसला होता, त्याचाही अंगठा त्यांनी चपलेतून बाहेर दिसतोय म्हणून जाता जाता दाबून पाहिला. "ठीक शे," असं त्याला सांगून पुढे गेले. तो बिचारा नंतर बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत होता.

किती दिवस लागतील, असं मात्र त्यांना विचारायचं नाही. विचारलं तर पाणी पिऊन टाकावं तसा तो प्रश्न ते पिऊन टाकत आणि म्हणत, "माले काय विचारतस? कारागीर कामवर शेत. तुम्ही फक्त अंगठा हलवा."

हे कारागीर कोण, ते मला आठवडाभराने कळलं.

मी तपासणीला गेलो होतो. माझ्या आधी साक्रीच्या डोंगराकडचा एक गुराखी आत बसला होता. प्लास्टर घातलेला पाय घेऊन त्याने दोन वेळा नाला ओलांडला होता, कारण म्हैस पलीकडे गेली आणि म्हशीला प्लास्टरचं सांगून उपयोग नव्हता. घोट्याभोवती नुसत्या जाळीच्या चिंध्या लोंबत होत्या. मला वाटलं, आता आबा त्याची सालटी काढणार. आबांनी त्याला चहा पाजला. मग ती ओली चिंधी कापून माझ्यासमोर धरली.

"मास्तर, हाई काय शे?"

"प्लास्टर."

"प्लास्टर गयं नालामा. हाई कापड शे." त्यांनी ती चिंधी बोटाभोवती गुंडाळून दाखवली. मग डब्यातून एक कोरी पट्टी काढली, टेबलावर झटकली. पांढऱ्या भुकटीचा ढीग पडला. त्यावर पाण्याचे चार थेंब टाकले, वडी थापली. ती वाळेपर्यंत आम्ही गुराख्याच्या म्हशीबद्दल बोललो. वाळल्यावर वडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मोडा." ती बिस्किटासारखी मोडली. "आते सांगा. एक कापड, वाकस पण तुटत नही. एक चुना, वाकत नही पण तुटस. यातलं हाड कोणतं?"

हा तर माझाच विषय. मी पाठ टेकून, खोलीतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चुना. हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम."

"नापास," आबा म्हणाले.

गुराखी खूश झाला. त्याला माझी ओळख शाळामास्तर अशी करून दिली होती.

मग आबांनी मला हाड शिकवलं. मी जे पाच मार्कांना शिकवत होतो तेच, पण मला ते तेव्हा पहिल्यांदा समजलं. हाड मोडलं की तिथे कारागीर जमा होतात. पुस्तकात त्यांना अस्थिजनक पेशी म्हणतात. आबांना तो शब्द मी सांगितला, त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. हे कारागीर आधी चुन्याला हात लावत नाहीत. आधी कापड विणतात. बारीक, चिवट धाग्यांचं. पुस्तकात त्याला आधारद्रव्य म्हणतात आणि धाग्यांना कोलॅजन. स्वतःभोवतीच विणत जातात. आडवं, उभं, एकावर एक. ते मऊ असतं, दाबलं तर दबतं. ते नीट विणून झालं की मग रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फरस, त्या धाग्यांच्या आत आणि मध्ये कणाकणाने बसायला लागतो. बसला, की कापडाचं हाड झालं. कापड आलं पण चुना आलाच नाही, तर? आबांनी गुराख्याच्या चिंधीकडे बोट केलं. "मुडदूस. लहान पोरंस्ना पाय वाकतस तो."

"आणि कारागीर?" मी विचारलं. वर्षानुवर्षं मी फळ्यावर त्या पेशींचे ठिपके काढत आलो होतो आणि ते तिथे काय करतात हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

आबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. डॉक्टरांनी एकदा त्यांना सूक्ष्मदर्शकातून हाडाची काच दाखवली होती. ते म्हणाले, त्यात गोल गोल रिंगणं होती, आणि रिंगणांमध्ये बारीक बारीक खोल्या. काही कारागीर काम झाल्यावर निघून जातात. पण काही विणता विणता त्याच भिंतीत अडकतात. चारी बाजूंनी चुना भरतो, आणि हा आत, आपल्या खोलीत.

"मरस का मंग?" गुराख्याने विचारलं. प्रश्न माझाही तोच होता.

"नही ना भो! जित्ता ऱ्हास. बारीक बारीक बोळ ठेयेल ऱ्हातस, त्यातून हात लांब करीसन एकमेकले धरी ठेवतस. आतून ध्यान ठेवतस. कुठं वजन पडनं, कुठं तडकनं, बठ्ठं त्यास्ले समजस." त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मी डॉक्टरले म्हनं, साहेब, ज्यानी भिंत बांधी तोच आत ऱ्हायना, तव्हय ती भिंत पक्की."

पुढच्या महिन्यात मी वर्गात हे सगळं जसंच्या तसं सांगणार होतो, माझ्या नावावर. पण मधे ते तेविसाव्या दिवसाचं प्रकरण आलं.

त्याआधी आबांचा एक किस्सा सांगतो, म्हणजे मी कसल्या माणसावर चिखल उडवला ते कळेल. सोनगीरचा एक तांबट मनगट मोडून आला होता. त्याला भीती एकच, की प्लास्टर निघेल तेव्हा हातोडी धरायची मूठच राहणार नाही. डॉक्टरांनी धीर दिला. आबांनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन बोलावलं, ती त्याच्या मुठीत धरायला लावली, आणि त्या मुठीभोवती प्लास्टर असं थापलं की, सुकल्यावर हातोडीचा दांडा आत सरकवता येईल आणि बोटं मोकळी राहतील. "ठोकू नको. फक्त धर. दिवसमा शंभर दाव धर आणि सोड." तांबट सहा आठवडे रिकामी हातोडी धरून सोनगीरभर फिरला. त्याची मूठ राहिली. तो नंतर आबांसाठी एक तांब्या घेऊन आला. आबांनी तो उन्हात धरून पाहिला, ठोके मोजल्यासारखं केलं आणि म्हणाले, "यानं बी बोट लायेल नही."

तर माझं प्रकरण.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते म्हणून मी तो फोटो स्वतःच खिडकीसमोर धरला. हाडाचे दोन तुकडे आणि मधे स्पष्ट काळी भेग, पहिल्या दिवशी होती तशीच. तीन आठवडे दूध, नाचणी, शेजाऱ्यांनी पाठवलेलं भरीत, काय काय खाल्लं, आणि भेग जागच्या जागी.

"आबा, काहीच जुळलं नाही!"

आबा कुणाचा तरी हात गुंडाळत होते. फोटोकडे बघितलंही नाही. "फोटोले चुनाच दिसस. कापड दिसत नही. आते विणकाम चालू शे. चुना अजून भराना बाकी शे. घाई कसाले?"

मी होकारार्थी मान हलवली आणि एक अक्षर पटवून घेतलं नाही. फोटोत दिसतं ते खरं, न दिसणारं कापड हे आबांचं म्हातारपण, असं माझ्यातल्या विज्ञान शिक्षकाने ठरवलं. त्याच दिवसांत दवाखान्यात कुजबुज होती की आबांचा डावा हात थोडा कापतो. मागच्याच महिन्यात एका बाईचं प्लास्टर तडकलं होतं. डॉक्टरांनी जळगावहून एक नवे, डिप्लोमावाले टेक्निशियन बोलावून ठेवले होते. ते सध्या कोपऱ्यात उभे राहून बघत असत. आबा आपलं टेबल सोडतील का, आणि कधी, एवढाच प्रश्न उरला होता. हे सगळं मला माहीत होतं. तरीही पुढचं मी केलं.

घरी आलो. प्लास्टरच्या आत खाज सुटली होती. उन्हाळा धुळ्याचा. फूटपट्टी घातली, ती अर्ध्यात अडकली. मग डोक्यात आलं, जुळलंच नसेल तर हे ओझं कशाला? एकदा डोळ्यांनी बघू तर खरं. माझी बायको मालती भाजी आणायला गेली होती. विळी समोरच होती. दीड तास लागला. कांदा चिरताना जितके डोळे पाणावत नाहीत तितके पाणावले, पण प्लास्टर दोन उभ्या फाकांत उघडलं. आत एक पाय होता, बारीक, केसाळ, सोललेल्या उसासारखा. मी मनसोक्त खाजवलं. ते सुख मी अजून विसरलेलो नाही.

मग मी उभा राहिलो.

पाय मोडला नाही. आवाज झाला नाही. तो वाकला. हळूच, हिरवी काडी वाकावी तसा, नडगीच्या मधोमध, माझ्या डोळ्यांदेखत. वेदना एका क्षणाने मागून आली, पण त्या आधीच्या क्षणात मला लख्ख समजलं की आत कापड आहे. नक्की आहे. विणून तयार आहे आणि चुना भरायचा राहिलाय. जुळलं नसतं तर पाय लटकला असता. चुना भरला असता तर वाकला नसता. इतकं शुद्ध प्रात्यक्षिक मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

मालती परत आली तेव्हा मी जमिनीवर, विळी शेजारी. तिने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा विळीकडे, आणि रिक्षा आणली. प्लास्टरच्या दोन फाका तिने वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर घेतल्या. त्या बघूनच मला पुढचं पाप सुचलं असावं.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि त्यांचा आवाज चढला. "हे कसं झालं?"

समोर डॉक्टर, बाजूला नर्स, दारात माझ्या शाळेतल्या एका मुलाचे वडील नंबर लावून बसलेले. माझ्या तोंडून आलं, "सैल होतं साहेब. आपोआपच निघालं."

मालतीने माझ्याकडे असं पाहिलं की, मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

डॉक्टर आबांकडे वळले. आबांनी टेबलावरचं पुडकं उघडलं, फाका उचलल्या, कापलेल्या कडेवरून तळहात फिरवला. कड सरळ होती. सैल होऊन निघालेल्या प्लास्टरला कड नसते, हे माझ्यासारख्यालाही कळत होतं. मी डोळे मिटून घेतले. फाका खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आबा म्हणाले, "साहेब, लवकर सरळ करा. अजून मऊ शे."

एवढंच.

डॉक्टर घाईत होते, चिडलेले होते, त्यांना आधीच शंका होती. पाय त्यांनी सरळ केला. पण प्लास्टर घालायला त्यांनी डिप्लोमावाल्यांना पुढे बोलावलं. "आबा, तुम्ही आता बसा. खूप झालं काम." आबांनी कानामागची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली आणि बाहेर गेले.

पुढच्या तपासणीला मी गेलो तेव्हा आबा दारातल्या बाकावर बसून पेशंटना नंबराचे बिल्ले वाटत होते. त्यांचे हात मी पहिल्यांदाच स्वच्छ पाहिले. कसेसेच दिसत होते ते. कुणा दुसऱ्याचे आणून लावल्यासारखे. मी "काय आबा" म्हणालो. त्यांनी बिल्ला दिला. मी कुबड्या टेकत पुढे सरकलो, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "मास्तर, थांबा."

ते बाकावरून उठले, माझ्या पायापाशी उकिडवे बसले आणि प्लास्टरला नाक लावलं. भर दवाखान्यात, वीस माणसांसमोर, घोट्यापासून टाचेपर्यंत हुंगत गेले. टाचेशी थांबले.

"आथं टोचस का?"

"टोचत होतं चार दिवस. आता नाही टोचत."

"तेच वाईट," आबा म्हणाले.

त्यांनी मला नंबर मोडून आत नेलं. टाचेवरचं प्लास्टर कापून खिडकी पाडली तर आत कातडी काळी पडून जखम झालेली. ओल्या प्लास्टरला बोटाचा खड्डा पडला होता, तो आठ दिवस टाचेत रुतत होता. आणखी आठवडा गेला असता तर जखम हाडापर्यंत गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. डिप्लोमावाले भिंतीला चिकटून उभे. आबा त्यांना रागावले नाहीत. त्यांचा हात धरून तळवा उघडला, त्यावर आपला तळवा टेकवला, एवढंच केलं. आणि परत बाकावर जाऊन बसले.

मी मलमपट्टी होईपर्यंत थांबलो. मग बाकापाशी गेलो. "आबा, तुम्हाला कळलं होतं ना?"

"कापेल शे ते आंधळाले बी समजी."

"मग बोलला का नाहीत?"

आबांनी बिल्ले नीट लावले. "बोलतू तर तुम्ही नही म्हनतात. मी हो म्हनतू. डॉक्टर चिडता. तुम्ही लाजीसन घर निंघी जातात. आठ दिवस भांडण चालतं. तव्हर चुना भरतो, वाकडामाच. मंग तो पाय कोण सरळ करी?" ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते. "मन्हं काय, मन्हं नाव नंतर बी सरळ करता यी."

सरळ करणार कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. त्यांनी हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते, आणि ते काम नसलेले हात मला बघवेनात.

मी कुबड्यांसह परत आत गेलो. मोठ्या आवाजात बोलायची माझी तयारी होती, वर्गात बोलतो तशी; आवाज आला तो आजारी माणसाचा. "साहेब, प्लास्टर सैल नव्हतं. मी कापलं."

"कशाने?"

"विळीने."

"कसल्या विळीने?"

"भाजीच्या. म्हणजे खोबरंही खवता येतं तिच्यावर."

ही माहिती का दिली, मला अजून कळलेलं नाही. बाहेरच्या बाकांवर एक बाई हसली, मग सगळा दवाखाना हसला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही; मुलं वाचतात. मग ते स्वतः उठून दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "आबा, माझं चुकलं. मी विचारायला हवं होतं. टेबल तुमचं आहे."

आबा जागचे हलले नाहीत. "पहिले मास्तरनी टाच बांधू द्या," ते म्हणाले, आणि पेन्सिल शोधायला आत गेले.

त्यानंतरचं माझं प्रत्येक प्लास्टर आबांनी घातलं. डिप्लोमावाले शेजारी उभे राहून तळहाताने थापायला शिकले. नवव्या आठवड्यातल्या फोटोत भेगेभोवती पांढरा ढग दिसला. "आला चुना," आबा म्हणाले, एखादा पाहुणा स्टॅंडवर उतरावा तसं. पुढच्या फोटोत ढगाचा गोळा झाला, नडगीला गाठ आल्यासारखा. मी घाबरलो. आबा म्हणाले, कारागिरांबरोबर कुरतडणारेही असतात, जास्तीचं ते खाऊन टाकतात. चालायला लागा, जिथे वजन पडेल तिथे ठेवतील, नाही तिथलं नेतील. मी या वेळी वाद घातला नाही. पुस्तकात बघितलं, होतं.

नव्वद सालानंतर माझी बदली जळगावला झाली. आबांनी काम सोडून गाव गाठलं, असं ऐकलं. एकदा नवापूरच्या लग्नाहून येताना मी साक्रीला उतरलो आणि विचारत विचारत त्यांच्या खेड्यातल्या घरी गेलो. आठवड्याचा बाजार भरलेला. अंगणात आबा खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण मला त्यांनी दुरूनच ओळखलं. चेहऱ्यावरून नव्हे. मी अंगणातून येत असताना ते माझ्या पायांकडे बघत होते.

मला सांगायलाच हवं की त्या अपघातापासून मी किंचित लंगडत असे. फार नाही, डावीकडे जरासं. विचारलं तर मी लोकांना सगळी हकीकत सांगे: मी खोटं बोललो, एका सज्जन माणसाची भाकरी हिसकावली, आणि देवाने पाय आखूड करून मला आठवण ठेवायला लावली. सांगताना आवाज थोडा भरून येई. कार्यक्रमांतही सांगितलं होतं दोनदा. आबांच्या समोर बसून, चहा पीत, मी तेच सांगितलं. शेवटी म्हणालो, "हा लंगडेपणा आता जन्माचा, आबा. आणि तो मला मिळायलाच हवा होता."

आबांची बायको, अक्का, कपबशा उचलता उचलता थांबल्या.

आबा खाटेवरून उठले. "आडवं व्हा," म्हणाले. मला खाटेवर झोपवलं. अक्कांकडून सुताचा एक धागा मागवला. एक टोक माझ्या कमरेच्या हाडावर धरलं, दुसरं घोट्याच्या आतल्या गाठीपर्यंत ताणलं, तिथे नखाने खूण केली. मग तोच धागा दुसऱ्या पायावर. हात अजिबात कापत नव्हते. खूण बरोबर घोट्यावर आली, केसाइतकाही फरक नाही. त्यांनी पुन्हा मोजलं. मग नडगीवरून तळहात फिरवला, वर, खाली, पुन्हा वर. ती गाठ कधीच निघून गेली होती.

अंगणात शेजारचे दोघे-तिघे जमले होते. आबांनी धागा गुंडाळून अक्कांच्या हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"दुसऱ्यांदा मन्हा प्लास्टरले नाव ठेवतस तुम्ही. पाय कव्हाच बरा व्हयना, मास्तर. आते नाटक बंद करा."